दम्यावरील संशोधनासाठी डॉक्टर होणे आवश्यक आहे का?

सप्रेम नमस्कार,

तुम्ही सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहात आणि दम्यातील रोगप्रतिकारक पेशींवर संशोधन करण्याची तुमची इच्छा आहे. मात्र वैद्यकीय पदवी नसल्याने ही वाट बंद आहे की काय, अशी शंका तुम्ही पत्रात विचारली आहे. वाट बंद नाही. रुग्णावर उपचार करणे हे डॉक्टरांचे काम असले, तरी पेशींवरील संशोधनात विज्ञान शाखेचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत.

तथापि, या विषयाचे स्वरूप आधी नीट समजून घ्यावे. ॲलर्जीच्या दम्यात टी-हेल्पर-2 या रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-4, 5 आणि 13 ही संदेशवाहक प्रथिने स्रवतात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-4 च्या प्रभावाने बी पेशी या रोगप्रतिकारक पेशी आयजीई नावाची, ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडे तयार करू लागतात आणि ती ऊतींमधील मास्ट पेशींवर बसल्यानंतर परागकणांसारख्या पदार्थाचा संपर्क होताच हिस्टामिन हे रसायन बाहेर पडून श्वासनलिका आकसते. इंटरल्यूकिन-5 मुळे इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी वाढतात व टिकून राहतात, तर 13 मुळे चिकट स्राव वाढतो. हे पाठ्यपुस्तकातही मिळेल. परंतु आयएलसी-2 नावाच्या पेशी ॲलर्जीकारक पदार्थ स्वतः न ओळखताही यांतील 5 आणि 13 ही प्रथिने स्रवतात, आणि काही रुग्णांत तर इओसिनोफिलऐवजी न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी अधिक आढळतात व स्टेरॉइडचा उपयोग कमी होतो.

या गुंतागुंतीचे महत्त्व मेपोलिझुमॅब या औषधाच्या इतिहासात दिसते. इंटरल्यूकिन-5 रोखणारे हे औषध सुरुवातीच्या चाचण्यांत निराशाजनक ठरले होते. पुढे कफात इओसिनोफिल टिकून असलेले रुग्ण निवडून केलेल्या, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत दम्याचे झटके कमी झाले आणि 2015 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. औषध तेच होते, रुग्ण निवडण्याची रीत तेवढी बदलली होती.

म्हणून पदव्युत्तर शिक्षणासाठी रोगप्रतिकारशास्त्र निवडताना फ्लो सायटोमेट्री या पेशी ओळखण्याच्या व मोजण्याच्या तंत्राइतकेच लक्ष संख्याशास्त्राकडे द्यावे. विद्यार्थी नेमके तेच टाळतात, असा माझा अनुभव आहे. पीएचडीसाठी मार्गदर्शक निवडताना त्यांच्या प्रयोगशाळेला रुग्णालयातून कफाचे व रक्ताचे नमुने नियमित मिळतात का, हे अवश्य विचारावे. उंदरांवरील प्रयोग आवश्यक असले, तरी उंदराला माणसासारखा दमा आपोआप होत नाही, तो प्रयोगशाळेत घडवावा लागतो; त्यामुळे केवळ त्यांवरच काम चालणारी जागा तुमच्या उद्दिष्टाला अपुरी पडेल.