रात्री चावी कोणाकडे असते ते विचार

अगं, तुझा मेसेज वाचला आणि तू बनवलेला तो तक्ताही उघडून बघितला. आईसाठी बघितलेली तीन हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात शेवटी दुखणं-त्रास कमी करून पेशंटला सांभाळणारी, प्रत्येकापुढे हिरवे-पिवळे चौकोन, खोली केवढी, बाग आहे का, वायफाय, पार्किंग, लोकांनी दिलेले स्टार, स्टाफ बोलायला कसा. आणि खाली लिहिलंयस, सगळ्यांना जवळपास सारखेच मार्क पडतायत, आता मी काय करू. पडणारच ना सारखे! तू तिन्हीकडे सकाळी अकरा-बाराला गेलीस आणि तिन्हीकडे दिवसाचेच प्रश्न विचारलेस. दिवसा सगळीच हॉस्पिस चांगली असतात.

तू आईसाठी किती करतेयस वगैरे मी लिहीत बसत नाही. तिला दुखू नये, तिचं कोणीतरी नीट ऐकून घ्यावं, तिला नको असलेल्या नळ्या घालू नयेत, याबद्दल तुझं-माझं एकच मत आहे. तेव्हा मुद्द्यावर येते. मुद्दा एकच आहे आणि तो मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. रात्रीचं विचार.

साधा हिशोब कर. आठवड्याचे तास १६८. ऑफिसची म्हणून जी वेळ असते ती फार तर ४०-४५ तास. म्हणजे आई तिथे जितका वेळ असेल त्यातला जवळजवळ पाऊण वेळ तुला ज्यांनी हसून सगळं दाखवलं ती माणसं जागेवर नसणारेत. ते मोठे डॉक्टर, त्या समुपदेशक बाई, ती गोड बोलणारी अॅडमिशनवाली मुलगी, सगळे आपापल्या घरी. मग उरतं कोण? ते बघायला तू गेलीच नाहीस.

मी नर्सिंगमध्ये एवढी वर्षं काढली, पण हे मला ड्युटीवर असताना नाही कळलं, एका नातेवाइकाच्या सोबतीला रात्री थांबले होते तेव्हा कळलं. जागा चांगली नावाजलेली, नाव घेत नाही. शेजारच्या खोलीत एक आजोबा, कॅन्सर हाडांत पसरलेला. रात्री अडीचच्या सुमारास त्यांना कळ सुरू झाली. ओरडत नव्हते, श्वास धरून पडले होते, आणि दोन्ही हातांनी पलंगाचा कठडा असा घट्ट धरलेला की बोटांची पेरं पांढरी पडलेली. मुलगी धावत बाहेर आली. नर्स लगेच आली, पोरगी मायेची होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फाइलमध्ये डोस लिहिलेला, मॉर्फिन, म्हणजे जोरदार कळांवरचं औषध, कुलूप लावलेल्या कपाटात, आणि कपाटाची चावी इनचार्जच्या पर्समध्ये, इनचार्ज घरी. शिवाय रजिस्टरवर दोघांच्या सह्या लागायच्या आणि दुसरी सही करायला मजल्यावर कोणी नाही. फोनाफोनी झाली, चावी येईपर्यंत चार वाजून गेले. सकाळी राउंडला डॉक्टरांनी विचारलं रात्र कशी गेली, तर फाइलमधून वाचून दाखवलं, 'पेशंट शांत झोपले आहेत'. खोटं नव्हतं ते, सातला ते झोपलेलेच होते.

तेव्हापासून मला कोणी हॉस्पिसबद्दल विचारलं की मी आधी चावीचं विचारते. रात्री चावी कोणाकडे असते? दुसरी सही लागत असेल तर ती कोण करतं? डोस वाढवायचा झाला तर फोनवर परवानगी देणारा डॉक्टर कोण, आणि त्याला उठवायला नर्स घाबरते की नाही घाबरत? हे विचारल्यावर समोरचा माणूस लगेच, सरळ, कंटाळल्यासारखं उत्तर देतो ना, तिथे काम नीट चालतं, कारण त्याला तो प्रश्न रोजचा आहे. 'तुम्ही अजिबात काळजी करू नका, आमची टीम चोवीस तास असते' असं उत्तर आलं तर ते उत्तर नाहीये. परत विचार. लाज वाटली तरी विचार.

आज रात्रीच तिन्ही नंबरांवर फोन कर, दीड-दोनला. तुला वाटेल हे बरं दिसत नाही, एखाद्या पेशंटजवळून नर्सला उठवून आणल्यासारखं होईल. दोन मिनिटांत ठेव, खरं काय ते सांग की आईसाठी जागा बघतेय आणि रात्री फोन लागतो का ते बघायचं होतं. चांगली नर्स याचा राग मानत नाही, मी स्वतः कधी मानला नाही. बघायचं काय, तर फोन नर्स उचलते की कुठल्यातरी कॉल सेंटरचा माणूस निरोप लिहून घेतो. त्या माणसाला पेशंटची फाइल दिसते का. आणि 'घरी असताना रात्री अचानक दुखणं वाढलं तर काय करायचं' याला 'अँब्युलन्स बोलवून इमर्जन्सीत न्या' एवढंच उत्तर असेल तर त्या नावावर काट मार. इमर्जन्सीतच न्यायचं असेल तर हॉस्पिस कशाला हवंय?

तुझ्या तिघांतलं एक फक्त घरी येऊन सेवा देणारं आहे असं दिसतंय. त्यांच्याबाबतीत तर हे डबल लागू. घरी रात्री तू आणि आई दोघीच असणार. म्हणून विचार, की पुढे लागतील अशी औषधं ते आधीच घरात आणून ठेवतात का, दुखण्यासाठी, मळमळीसाठी, दम लागला तर, जीव घाबराघुबरा झाला तर, आणि शेवटी घशात घरघर लागते त्यासाठी. चांगले लोक ही पेटी गरज पडायच्या आधी देतात, वर लेबलं लावून, आणि कोणतं कधी द्यायचं ते तुझ्याकडून वदवून घेतात. गिळता येईनासं झालं की औषध कसं देणार, कातडीखाली बारीक सुई आणि त्यातून हळूहळू औषध सोडणारा सिरिंज पंप, तो त्यांच्याकडे आहे का, रविवारी रात्री तो बंद पडला तर दुसरा कोण आणून देणार? हे सगळं रात्रीचंच आहे बघ, मी विषय सोडलेला नाही.

तुला वाटेल ही बाई एका आजोबांच्या गोष्टीवर एवढा डोलारा उभा करतेय. नाही गं. आजच्या हॉस्पिसची सुरुवात जिथून मानतात ते लंडनचं सेंट ख्रिस्तोफर्स १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी उघडलं. या बाई स्वतः पहिल्यांदा नर्स, मग हॉस्पिटलात समाजसेविका, आणि मग डॉक्टर झाल्या. हॉस्पिस काढायच्या कितीतरी आधी एका जागी मदतनीस म्हणून काम करताना त्यांनी बघितलं होतं की तिथे मॉर्फिन दुखायला लागल्यावर देत नाहीत, ठरलेल्या वेळी देतात, दुखणं परत डोकं वर काढायच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी जी पद्धत सांगितली त्यातही हेच, तोंडावाटे द्या, घड्याळाप्रमाणे द्या, पायरीपायरीने द्या. घड्याळाप्रमाणे! आणि घड्याळ काय संध्याकाळी सहाला थांबतं? लगेच लागू पडणारं मॉर्फिन साधारण चार तास पुरतं, म्हणजे रात्रीतून एक-दोन वेळा तरी प्रश्न येतोच, की उठवून द्यायचं, का झोपताना डोस वाढवून द्यायचा, का लांब पल्ल्याची गोळी द्यायची. काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, तू त्यात पडू नकोस, पण त्यांनी ते ठरवलेलं आहे ना एवढं तुला कळलं पाहिजे. आणि नेहमीच्या डोसच्या मध्येच कळ आली तर जादा डोस किती, तो फाइलमध्ये लिहून ठेवलेला असतो का, की दर वेळी नव्याने विचारायचं.

अजून एक प्रश्न, ऐकायला किरकोळ वाटेल. मॉर्फिन सुरू करतानाच पोट साफ होण्याचं औषध सुरू करता का? मॉर्फिनने पोट बांधतं, जवळजवळ प्रत्येकाचं, आणि ते आपोआप सुटत नाही. ज्यांना हे काम येतं ते पहिल्याच दिवशी दोन्ही एकत्र लिहितात. जे 'त्रास झाला तर बघू' म्हणतात त्यांच्याकडे त्रास होतोच, आणि कधी होतो सांगू? जाऊ दे, तुला कळलंच असेल.

परत भेटायला जाशील तेव्हा अकराला जाऊ नकोस. संध्याकाळी ड्युटी बदलते त्या वेळी जा, आणि जमलं तर रविवारी. बाग बघू नको, ओठ बघ. पॅसेजमधून जाताना दारातून एखादा पेशंट दिसेल, ओठांना भेगा पडल्यात का, तोंड ओलं ठेवलंय का. जो माणूस पाणी पिऊ शकत नाही त्याचं तोंड थोड्या थोड्या वेळाने ओलं करावं लागतं, त्याला मशीन लागत नाही, डिग्री लागत नाही, फक्त माणूस लागतो, म्हणूनच माणसं कमी असली की पहिल्यांदा तेच सुटतं. बेल हाताला लागेल अशी ठेवलीय का, की मागे भिंतीवर लटकतेय. कोणी बेल वाजवली तर किती वेळाने कोण जातं ते उभं राहून बघ. रात्रपाळीत एका नर्सकडे किती पेशंट असतात ते दिवसाच्या इनचार्जला विचार आणि मग रात्रीच्या नर्सला वेगळं विचार, दोन आकडे जुळतात का बघ. आणि हो, कौतुकाने तुला दुसऱ्या पेशंटची फाइल उघडून दाखवायला लागले तर तेही लक्षात ठेव, उद्या आईची फाइल अशीच कोणाला तरी दाखवतील.

स्टार बघून ठरवू नकोस म्हणते त्यालाही कारण आहे. बहुतेक लोक स्टार देतात ते निरोप घेतानाच्या भावनेत, पाच तरी देतात नाहीतर एक. अमेरिकेत सरकारी योजनेतल्या हॉस्पिससाठी एक ठरावीक सर्व्हे असतो, पेशंट गेल्यानंतर काही काळाने घरच्यांना विचारतात, आणि त्यात वेगळा प्रश्न आहे की संध्याकाळी, शनिवार-रविवारी, सुट्टीच्या दिवशी मदत लागली तेव्हा मिळाली का. शेवटच्या तीन दिवसांत नर्स किंवा समाजसेवक भेटायला आले का तेही तिथे मोजतात. म्हणजे हे माझंच खूळ नाहीये. तू ज्या कुटुंबांशी बोलशील त्यांना 'अनुभव कसा होता' असं विचारूच नकोस, सगळे चांगलाच म्हणतील. विचार, की शेवटच्या तीन रात्री कोण आलं होतं.

खूळ म्हणाले म्हणून सांगते. मी मध्यंतरी हॉस्पिसची पाहणी करणाऱ्या एका समितीवर होते. जाडजूड फॉर्म, अग्निशामक यंत्राच्या तारखा, कचऱ्याच्या डब्यांचे रंग, सगळं तपासायचं, आणि भेट कायम दुपारी, आधी कळवून. मी म्हटलं एकदा रात्री जाऊ या, न कळवता. तर म्हणाले पेशंटना त्रास होईल. पेशंटना! शेवटी एका अहवालावर मी सही केली नाही. ती जागा माझ्याच जुन्या मैत्रिणीच्या हाताखाली होती, बरोबर शिकलो आम्ही. तिला वाटलं मी तिच्यावर डूख धरला. पुढच्या वर्षी समितीत माझं नाव नव्हतं आणि तिचं-माझं बोलणंही संपलं. हेकट म्हणतात मला, माहितीये. मैत्री गेली त्याचं अजून वाईट वाटतं, सहीचं नाही वाटत. रात्री काय चालतं ते न बघता मी 'समाधानकारक' लिहायचं? कशाच्या जोरावर? तिला मी वेगळं बसवून, आधी समजावून सांगायला हवं होतं असं आमच्यातले बरेच जण म्हणतात. समजावलं होतं. ती ऐकायला तयार नव्हती, मग मी काय करणार होते.

असो, तुझं राहिलं बाजूला.

भाऊ म्हणतोय ना की हॉस्पिस म्हणजे हार मानणं, त्याच्याशी आत्ता तत्त्वावर भांडू नकोस. त्याला एवढंच सांग, २०१० मध्ये फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवरचा एक अमेरिकन अभ्यास आला होता. ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारी, टीमही दिली ते जास्त बऱ्या अवस्थेत राहिले, आणि जगलेही जरा जास्त, मध्यक ११.६ महिने विरुद्ध ८.९, म्हणजे त्या-त्या गटातले निम्मे पेशंट तेवढ्याहून जास्त जगले. तो अभ्यास हॉस्पिसचा नव्हता, त्यामुळे आईला हेच होईल असं त्यातून काढू नका. पण दुखणं आवरलं की माणूस लवकर जातो अशी त्याला भीती असेल, तर तसं त्यात तरी दिसत नाही. आणि खरं सांगू, त्याला एक रात्र आईजवळ झोपू दे. एकट्याला.

सगळं आत्ताच कायमचं ठरवायचंय असंही नाही. काही ठिकाणी थोड्या दिवसांसाठी ठेवून घेतात, घरच्यांना विश्रांती म्हणून. तसं जमत असेल तर आधी तेवढंच कर आणि एक रात्र तिथे सोबतीला थांब. घरचे रात्री थांबलेले चालत नाहीत असं कोणी म्हणालं तर पुढचं काही विचारूच नको, दुसरीकडे बघ. नाही पटलं तर मधूनही बदलता येतं, लोक संकोचाने बदलत नाहीत इतकंच.

तक्त्यातले बाकीचे कॉलम राहू देत हवं तर, पार्किंगही लागतंच माणसाला. पण पहिला कॉलम चावीचा कर, दुसरा रात्रीच्या फोनचा, आणि ते दोन भरल्याशिवाय पुढचे मोजू नकोस. आईची सध्याची औषधं मला पाठव, गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि वेळा, रात्री किती वाजता जाग येते तेही लिही. उद्या दुपारनंतर मी मोकळी आहे, तेव्हा फोन कर. भावाला माझा नंबर दिलास तरी चालेल, भांडायला का होईना बोलू दे त्याला.