चाक नंतर, आधी फळी
वाचकांचे प्रश्न : घरातलं मातीकाम

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी करते. रविवारच्या वर्गाला जाऊन मातीकाम शिकले आणि आता त्याच्याशिवाय चैन पडत नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर आहे. काचा लावून बंद केलेली गॅलरी साधारण 8 फूट बाय 4 फूट, तिथेच वॉशिंग मशीन आहे. चाकासाठी पैसे साठवले आहेत. पण हे म्हणतात, मोरी तुंबेल, आणि सासूबाईंना दमा आहे. कुठलं चाक घेऊ, आणि घरच्यांना कसं समजावू?

उत्तर : चाकाचे पैसे तूर्त बँकेतच राहू द्या. घरी मातीकाम सुरू करून बंद पडलेले लोक मी बरेच पाहिले आहेत. चाक नाही म्हणून थांबलेला त्यांत क्वचितच कुणी. बहुतेक थांबले ते ओली भांडी ठेवायला जागा नाही आणि मातकट पाणी टाकायला जागा नाही म्हणून. एका रविवारी हातानं केलेल्या आठ-दहा वाट्या आठवडाभर हलक्या हातानं वाळवायच्या, तर त्यांना फळी लागते. ती फळी म्हणजेच तुमचा स्टुडिओ, असं समजा.

गॅलरीची 4 फुटी भिंत मोकळी असेल तर तिथे खालपासून वरपर्यंत लोखंडी रॅक बसवा. फळ्या पक्क्या करू नका, सुट्या ठेवा. 12 मिलिमीटर प्लायचे 2 फूट बाय 1 फुटाचे तुकडे कापून घेतले की भांडी फळीसकट उचलता येतात. ओल्या भांड्याला दोन बोटं लागली तरी त्याचा गोल बिघडतो आणि भाजल्यावर तो वाकडेपणा जास्तच दिसतो. गॅलरीत थेट ऊन येत असेल तर त्या बाजूला जुन्या सुती साडीचा पडदा लावा. एका अंगानं ऊन लागलेलं भांडं त्या अंगाला आधी आकसतं आणि तडकतं.

माती मळायच्या टेबलाची उंची नीट ठरवा. स्वयंपाकाचा ओटा त्या कामाला उंच पडतो आणि खांदे भरून येतात. उभं राहून हात सैल सोडा. मनगट येईल तिथवर टेबलाचा माथा हवा, म्हणजे माती दाबताना अंगाचा भार आपसूक वरून पडतो. टेबल डगमगतं असेल तर ते भिंतीला स्क्रूनं जखडा.

त्या टेबलावर ठेवायला प्लास्टर ऑफ पॅरिसची लादी घरीच करा. मातीकामाच्या घरात इतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. दीड फूट बाय एक फुटाचा, दोन इंच भरेल असा प्लास्टिकचा ट्रे घ्या आणि त्याला आतून साबणाचा हात फिरवा. त्याला सव्वाचार लिटर पाणी आणि सहा किलो प्लास्टर लागेल. पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. सगळं आत गेलं की दोन मिनिटं हात लावू नका, त्याला पाणी पिऊ द्या. मग तळापासून सावकाश ढवळा, फेस येऊ देऊ नका. इडलीच्या पिठाहून जरा पातळ असताना ट्रेमध्ये ओता आणि टेबलाला खालून हलके ठोके द्या, म्हणजे बुडबुडे वर येतात. थोड्या वेळानं लादी हाताला चांगली गरम लागेल. ती आवळत असल्याची ती खूण. थंड झाली की काढून आठवडाभर तरी उभी करून वाळवा. पातेल्यात उरलेलं प्लास्टर कागदावर काढून कचऱ्यात टाका. ते नळीत गेलं तर तिथेच दगड होतं. लादीची कड फुटली तर तो चुरा मातीत मिसळू देऊ नका. भाजून आलेल्या भांड्यात प्लास्टरचा कण ओल धरून फुगतो आणि वरचा टवका उडवतो, कधी कधी कित्येक दिवसांनी.

आता मोरी. ह्यांचं म्हणणं खरं आहे, माती मोरीत गेली की सोसायटीची नळी तुंबतेच. म्हणून नळाखाली हात धुवायचेच नाहीत. दोन बादल्या ठेवा. पहिलीत हात, स्पंज, हत्यारं सगळं धुवायचं, दुसरीत नुसतं विसळायचं. रात्रभर बादली हलवू नका. सकाळी माती तळाला बसलेली असते, वरचं निवळ पाणी मगानं काढून पुन्हा पहिल्या धुण्याला वापरा. खालचा गाळ प्लास्टरच्या लादीवर पसरला की लादी त्यातलं पाणी ओढून घेते आणि मळण्याजोगी माती परत हातात येते. अशा मातीला पुढे बुरशी आली, वास आला तरी टाकू नका. मुरलेली माती जास्त लवचिक होते.

सासूबाईंच्या दम्याचं मात्र नुसतं समजावून भागणार नाही, तिथे शिस्तच पाळावी लागेल. ओली माती निरुपद्रवी असते. धोका आहे तो वाळलेल्या मातीच्या धुळीत. तिच्यात सिलिका असते. तिचे सगळ्यांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि फुप्फुसात खोल जाऊन बसतात. मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिलींच्या कारखान्यांत कितीतरी कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार झाला, तो याच सिलिकेच्या धुळीनं. घरच्या छंदातली धूळ त्या मानानं खूपच कमी, पण दम्याच्या माणसासाठी कमी धूळही पुष्कळ झाली. म्हणून गॅलरीत केरसुणी नको. फरशी आणि टेबल ओल्या फडक्यानंच पुसायचं आणि फडकं वाळायच्या आत बादलीत पिळायचं. वाळलेलं भांडं सँडपेपरनं कधीही घासू नका. कडा साफ करायच्या त्या भांडं अर्धवट ओलं असतानाच, ओल्या स्पंजानं. मातीची पूड आणू नका, मळलेल्या ओल्या मातीची पिशवीच आणा. अॅप्रन गॅलरीतच काढून भिजत टाका आणि घरातल्या बाजूचं दार काम चालू असताना बंद ठेवा. ही सगळी पद्धत त्यांना एकदा बसवून दाखवा. एवढं करूनही त्यांना त्रास झालाच, तर घरातलं काम थांबवून बाहेर एखाद्या स्टुडिओत फळी भाड्यानं घ्या. तिथे मी तुमच्या बाजूनं बोलणार नाही.

हत्यारांना फार पैसे लागत नाहीत. लाटणं, 6 मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या (त्यांवर लाटणं टेकवलं की पोळी सगळीकडे सारख्याच जाडीची लाटली जाते), माती कापायला तार, एक टोकदार सुई, स्पंज, जुनं एटीएम कार्ड आणि जुन्या साडीचा तुकडा. सुती कापडावर माती चिकटत नाही. यातलं काहीही पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही. एवढ्यावर बोटांनी दाबून केलेल्या वाट्या, वळ्यांचे कुंडे, लाटलेल्या मातीच्या ताटल्या, चहाचे मग असं सगळं होतं. फक्त आकसण्याचा हिशेब ठेवा. ओल्यापासून भाजून येईपर्यंत स्टोनवेअरची (जास्त आचेवर दगडासारखी पक्की होणारी) माती साधारण 10 ते 12 टक्के आकसते. चहाचा मग 10 सेंटिमीटर उंच हवा असेल तर ओला सव्वाअकरा सेंटिमीटरचा करा.

चाक घ्यायची वेळ कधी आली, ते फळीच सांगेल. दर आठवड्याला ती भरते आणि तरीही हात चाकाकडे ओढतो, असं सहा-आठ महिने चाललं तर जरूर घ्या. तेव्हाही खाली जाड रबरी मॅट घालायला विसरू नका, दुसऱ्या मजल्यावर घरघर पोचते.

प्रश्न : नमस्कार. मी नाशिकचा, शाळेतून निवृत्त झालो आहे. रो-हाऊसच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे. 1200 अंशांची छोटी इलेक्ट्रिक भट्टी घ्यायचा विचार आहे. गिझरच्या पॉइंटवर ती चालेल का? वीज किती जाईल?

उत्तर : सर, भट्टी घेण्याआधी तिच्यावरची पाटी वाचा. किती किलोवॅट लिहिलंय ते पाहा. 16 अँपिअरच्या पॉइंटवर 230 व्होल्टला जास्तीत जास्त 3680 वॉट मिळतात. पण गिझर दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि भट्टी आठ-दहा तास. इतका वेळ चालणारा भार मी 2900 वॉटच्या वर नेत नाही. त्या मापाच्या, म्हणजे आतून सुमारे एक फूट लांब, रुंद आणि उंच असलेल्या भट्टीलाही मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढून घ्या. 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिचा स्वतःचा एमसीबी आणि तपासलेलं अर्थिंग हवं. भट्टी 5-6 किलोवॅटची असेल तर 32 अँपिअरची लाइन लागेल. आधी महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे तो बघा, कमी असेल तर वाढवून घ्या. ही कामं परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

विजेचं म्हणाल तर 3 किलोवॅटची भट्टी आठ तास अखंड ओढत राहिली तर 24 युनिट होतील. प्रत्यक्षात सुरुवातीला ती चालू-बंद होत तापते, त्यामुळे 15 ते 20 धरा.

मुख्य सूचना पुढे आहे. 1200 अंशांची भट्टी घेऊ नका. आपल्याकडे बरीच स्टोनवेअरची माती 1220 ते 1240 अंशांना पिकते. कुठल्याही भट्टीला तिच्या कमाल मर्यादेवर रोज राबवलं तर एलिमेंट, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, लवकर जातात, आणि तुमची तर तिथवर पोचणारच नाही. 1280 किंवा 1300 ची घ्या आणि 1230 ला चालवा.

शेडमध्ये भट्टीच्या चारी बाजूंना दीड फूट जागा सोडा, वर लाकूड किंवा प्लास्टिकचा पत्रा नको, आणि पावसाची झड आत येत असेल तर ती बाजू आधी बंद करा. पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात. पहिल्या भाजणीत मातीतला सेंद्रिय अंश जळतो, त्याचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर जायला वाट लागते. भट्टी तापत असताना शेडमध्ये बसून वाचन करू नका.

भाजताना घाई दोन ठिकाणी महागात पडते. पहिली 100 अंशांच्या अलीकडे. भांडं गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. त्या पाण्याची एकदम वाफ झाली की भांडं फुटतं आणि शेजारच्यांनाही घेऊन जातं. म्हणून 90 अंशांवर दोन-तीन तास थांबा. दुसरी जागा 573 अंशांची. तिथे मातीतल्या क्वार्ट्‌झचे स्फटिक एकदम प्रसरण पावतात आणि निवताना त्याच अंशाला आकसतात. चढताना तिथे सावकाश जा, आणि उतरताना कितीही उत्सुकता असली तरी 100 अंशांच्या खाली येईपर्यंत झाकण उघडू नका. अर्धवट गार भट्टी उघडल्यावर मगांमधून टिणटिण आवाज येऊ लागतात, ते ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, तडकत असल्याचे.

प्रश्न : आम्ही चिपळूणला असतो. जुलैत भांडी वाळतच नाहीत. आणि गणपतीची उरलेली शाडू माती मगांसाठी चालेल का?

उत्तर : शाडू नको. ती गुजरातेतून येते, मूर्ती करून वाळवायला आणि रंगवायला उत्तम, पण भाजून चहा प्यायच्या भांड्याला ती भरवशाची नाही. दोन्ही मातींची हत्यारं आणि बादल्यासुद्धा वेगळ्या ठेवा. वाळवणाचं म्हणाल तर कोकणात पावसाळ्यात पंधरा दिवस धरूनच चाला. प्लास्टिकऐवजी वर्तमानपत्रानं झाका, रोज कागद बदला. पंखा भांड्यांवर नको, भिंतीकडे तोंड करून लावा. कानाचा जोड मात्र पातळ प्लास्टिकनं गुंडाळून ठेवा, कारण बारीक कान जाड अंगाच्या आधी वाळतो आणि जोडावर सुटतो.

प्रश्न : ताई, मी लातूरजवळच्या गावात राहतो, बी.ए.ला आहे. पैसे नाहीत, विकतची माती नाही, भट्टी नाही. तरी हे शिकायचं आहे. काय करू?

उत्तर : गावात किंवा शेजारच्या गावात कुंभाराचं घर असेल तर तुझ्याइतकी सोय शहरातल्या कुणाकडेच नाही. मी स्वतः चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला शिकले. चाक कसं फिरवायचं याच्याआधी तिथे मला माती चाळायला बसवलं होतं. ते बसणं आजही कामाला येतं.

तळ्याच्या किंवा ओढ्याच्या काठची चिकण माती बादलीभर आण. करंगळीएवढी वळी कर आणि बोटाभोवती गुंडाळ. तडे गेले नाहीत तर माती कामाची. ती वाळव, फोड, पाण्यात भिजत घाल, जुन्या धोतराच्या कापडातून गाळून घे आणि तळाला बसलेला गाळ खाटेवर फडक्यात पसर. नुसती काळी माती फार आकसते, सुकतानाच भेगाळते. म्हणून कुंभार तिच्यात राख, घोड्याची लीद किंवा बारीक वाळू मिसळतात. किती मिसळायची ते त्या त्या गावच्या मातीवर ठरतं, म्हणून ते तिथल्या कुंभारालाच विचार. विचारायला जाशील तेव्हा दोन दिवस त्यांच्याकडे माती तुडवायला हात दे. ते ज्ञान त्यांच्या घरात पिढ्यांनी सांभाळलंय, फुकट उचलून आणायची वस्तू नाही ती.

आवा (कुंभाराची भांडी भाजायची भट्टी) लागणार असेल त्याच्या आठवडाभर आधी तुझ्या दोन-चार वस्तू पूर्ण वाळलेल्या असू देत. एवढ्याशा ओलीनं त्यांचे माठ फुटले तर नुकसान त्यांचं होतं. पहिल्या खेपेला पणत्या आणि छोट्या वाट्याच ने, जाड मूर्ती नको. आव्यात साधारण 700 ते 900 अंशांची आच मिळते, त्यामुळे वाटीतून पाणी झिरपेल, ते तसंच असतं. वरून बाजारातला चकाकणारा रंग लावून त्यात जेवायला घेऊ नकोस. आणि भाजण्याचे पैसे किती, ते आधी विचारून ठेव. ते नको म्हणाले तरी दे.