गेम तयार आहे, पण लोकांसमोर ठेवण्याचे धाडस होत नाही

एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून छोटा मोबाइल गेम तयार करणारे लोक समुपदेशनासाठी येतात, तेव्हा ते सहसा गेमपासून सुरुवात करत नाहीत. झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, नोकरीत मन लागत नाही, असे सांगून झाल्यावर मूळ प्रश्न पुढे येतो: "गेम निर्मात्यांच्या मेळाव्यात गेम मांडण्याची संधी आहे, पण तो अजून दाखवण्याजोगा झालेला नाही. मांडला आणि लोक हसले तर?" ही चिंता वारंवार कानावर येत असल्यामुळे तिचे उत्तर एका प्रकरणाच्या आधारे देत आहे. संबंधित व्यक्तीच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून ते येथे मांडले आहे.

ही गेम करणारी स्त्री; त्या दिवसभर नोकरी करत आणि रात्री गेमवर काम करत. गेम कोड्यांचा होता आणि त्यातील कोड, चित्रे, आवाज असे सर्वच त्यांनी स्वतः केलेले होते. तो खेळण्याजोगा होऊन बराच काळ लोटला होता. तरीही मेळाव्यासाठी नाव नोंदवायचे आणि तारीख जवळ आली की माघार घ्यायची, असे त्यांचे एकाहून अधिक वेळा झाले होते. कारण दर वेळी वेगळे आणि पटण्यासारखे असे: कधी मेनूची मांडणी, कधी एखाद्या लेव्हलची काठिण्यपातळी, तर कधी रंगसंगती.

ही कारणे खोटी होती असे मी म्हणणार नाही, कारण गेममधील दुरुस्त्यांना अंत नसतो. मी त्यांना कामांची यादी घेऊन यायला सांगितले आणि प्रत्येक काम यादीत केव्हा आले, एवढेच आम्ही पाहिले. त्यांपैकी बहुतेक कामे नोंदणी झाल्यानंतर, मेळावा तोंडावर आल्यावरच सुचलेली होती. गेमच्या गरजेतून निघालेल्या कामांचा मेळाव्याच्या तारखेशी इतका घनिष्ठ संबंध असण्याचे कारण नव्हते, हे त्यांच्याच लक्षात आले.

कल्पना कोणी उचलील, ही भीतीही त्यांनी बोलून दाखवली. ती निराधार नाही. २०१४च्या फेब्रुवारीत 'थ्रीज' हा वर्षाहून अधिक काळ खपून केलेला गेम आला आणि पुढच्याच महिन्यात त्याच धर्तीचा '२०४८' मोफत उपलब्ध होऊन अधिक पसरला. मात्र हे गेम प्रसिद्ध झाल्यानंतर घडले. मेळाव्यात न जाण्याने त्यापासून संरक्षण मिळाले नसते. त्यामुळे या मुद्द्यावर आम्ही फार वेळ घालवला नाही.

खरा विषय होता तो त्या गेम कसा दाखवतात हा. सहकाऱ्यांना तो दाखवताना त्या सतत बोलत: "हे अजून अपुरे आहे", "इथे नको, तिकडे दाबा". समोरचा किंचित थांबला की फोन स्वतःकडे घेऊन पुढची लेव्हल उघडून देत. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५मध्ये सामाजिक भीतीविषयी मांडलेल्या प्रारूपात हेच वर्तन येते: माणसाचे लक्ष समोरच्याकडून स्वतःकडे वळते, आणि फजिती टाळण्यासाठी तो जे छोटे बचाव करतो त्यांमुळेच भीती खरी की खोटी हे तपासण्याची संधी हुकते. कोणी आपणहून चुकले, आपणहून सावरले, असे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. गेमचेही त्यात तेवढेच नुकसान होत होते.

सुरुवात सोपी होती. नव्या वैयक्तिक खात्यावरून गूगल प्लेवर गेम प्रसिद्ध करण्याआधी किमान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी, म्हणजे फक्त निवडक लोकांपुरती चाचणी, करून घ्यावी लागते, त्यामुळे कोणालाही न दाखवण्याचा पर्याय तसाही उरला नव्हता. ही चाचणी त्यांना सोयीची वाटली, कारण तीत चेहरे दिसत नाहीत. म्हणूनच मी तिला पहिली पायरी मानले, मेळाव्याला पर्याय मानले नाही.

मेळाव्यासाठी आम्ही काही गोष्टी लिहून ठरवल्या. "लोक हसतील" हे भाकीत तपासता येत नाही; "निम्म्याहून अधिक लोक शेवटपर्यंत न खेळता उठतील" हे तपासता येते, म्हणून ते लिहिले. एक वाक्य बोलून फोन हाती द्यायचा, खेळणाऱ्याने विचारल्याखेरीज मदत करायची नाही आणि बोट कुठे अडले, कुठे चुकून दाबले गेले, खेळ केव्हा सोडला, एवढेच टिपायचे; 'चांगले', 'वाईट' हे शब्द टिपणात येऊ द्यायचे नाहीत. फोनवर येणाऱ्या सूचना (नोटिफिकेशन) बंद ठेवणे, पडद्यावर फक्त गेमच राहील अशी सोय करणे, प्रत्येक खेळाडूनंतर प्रगती शून्यावर आणणे ही तयारी मात्र मी बचावात धरत नाही, कारण तिच्यामुळे खेळ नीट चालतो आणि निर्मात्याला लपायला जागा मिळत नाही.

त्यांचे भाकीत आकड्यापुरते खरे ठरले: निम्म्याहून अधिक लोक मध्येच उठले. कोणी हसले नाही. एकाने कंटाळवाणे आहे असे तोंडावर सांगितले. पण टिपणे समोर ठेवल्यावर असे दिसले की उठणारे जवळजवळ सर्वजण एकाच लेव्हलवर उठले होते. उरलेल्या चालींचा आकडा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात होता आणि खेळणाऱ्यांच्या अंगठ्याखाली तो झाकला जात होता. शिवाय चाली संपत आल्याचा इशारा देणारा आवाज गर्दीच्या कोलाहलात ऐकू येत नव्हता. त्या स्वतः बहुतेक वेळा संगणकावर, माउसने आणि शांत खोलीत खेळून पाहत असल्यामुळे हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. आकडा वरच्या बाजूस नेण्याचे काम एका संध्याकाळचे निघाले.

"लोकांचे तुमच्याकडे लक्षच नसते" असा धीर अशा वेळी अनेकजण देतात. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, संकोच वाटेल असे चित्र छापलेला टी-शर्ट घालून खोलीत गेलेल्या विद्यार्थ्यांना जवळपास निम्म्या लोकांना ते चित्र कळले असेल असे वाटले होते, प्रत्यक्षात ते त्याच्या सुमारे निम्म्यांनाच कळले होते. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो, पण गेमच्या स्टॉलवर तो जसाच्या तसा लागू करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, कारण तिथे लोक बघायलाच आलेले असतात. बघतात ते गेमकडे. निर्मात्याच्या थरथरत्या हाताकडे फार थोडे जण बघतात.

त्या आता मेळाव्यांना जातात. आदल्या रात्रीची अस्वस्थता गेलेली नाही आणि ती जावी असे आमचे उद्दिष्टही नव्हते. ज्यांची भीती गेमपुरती मर्यादित नाही, म्हणजे बैठकीत बोलणे, फोन घेणे, चारचौघांत जेवणे यांतही जी सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकून आहे आणि रोजच्या कामाच्या आड येते, त्यांनी केवळ येथे सांगितलेल्या उपायांवर विसंबू नये. त्यांनी चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना किंवा मनोविकारतज्ज्ञांना भेटावे, आणि मेळाव्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा.