साठ हजारांच्या गेमिंग पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा मेळ कसा घालावा?

तुम्ही मिरजेत राहता, घरी फुल एचडीचा १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर आहे, रोज व्हॅलोरंट खेळता आणि पुढे सायबरपंक २०७७ व रेड डेड रिडेम्प्शन २ खेळण्याची इच्छा आहे. सांगलीतल्या एका दुकानाने कोअर आय७-१२७००एफ प्रोसेसर आणि ४ जीबीचे जीटीएक्स १६५० कार्ड असे कोटेशन दिले आहे आणि या दोघांचा मेळ बसतो का, असे तुम्ही विचारले आहे. मी विश्रामबागेत ओळखीच्या मुलांना पीसी जोडून देतो, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की हा मेळ बसत नाही. यातला आय७ चांगलाच आहे, पण त्याच्यासाठी तुमच्या खेळांना लागणाऱ्या कार्डाचे पैसे खर्ची पडले आहेत.

प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावर दिसणारे एकेक चित्र, आधी प्रोसेसरकडे तयार होते. कोण कुठे आहे, गोळी कोणाला लागली, रस्त्यावरची माणसे कुठे वळतील, हे सगळे ठरवून तो कार्डाला काय काढायचे ते कळवतो आणि मग कार्ड ते चित्र पडद्यावर रंगवते. साखर कारखान्याच्या गव्हाणीत ऊसच कमी पडला तर गाळपाची क्षमता कितीही असून उपयोग नसतो, आणि गाळप मंद असेल तर उसाच्या गाड्या बाहेर रांगेत उभ्या राहतात. इथेही तसेच आहे. यात लक्षात घेण्याची बाब ही की प्रोसेसरचे काम रिझोल्यूशन (पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या) वाढल्याने जवळजवळ वाढत नाही. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात आणि १४४०पी पडद्यावर ३६,८६,४००. हा जास्तीचा भार कार्डावर येतो, प्रोसेसरवर नाही. म्हणून प्रोसेसर फ्रेमच्या संख्येची कमाल मर्यादा ठरवतो आणि त्या मर्यादेपर्यंत तुम्ही किती सुंदर चित्रासह पोहोचाल, हे कार्ड ठरवते.

तुमच्या बाबतीत अडचण अशी की तुमचे खेळ दोन वेगळ्या जातींचे आहेत. १४४ हर्ट्झचा पडदा पुरेपूर वापरायचा तर प्रत्येक फ्रेम सुमारे ७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. व्हॅलोरंटमध्ये चित्र हलके असल्यामुळे ते काम मुख्यतः प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून राहते, आणि आजचा सहा कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) साधा प्रोसेसरही ते सहज करतो. सायबरपंकमध्ये सेकंदाला ६० फ्रेम मिळाल्या तरी खेळ समाधानकारक होतो, म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, पण त्या वेळात कार्डाला प्रचंड काम उपसावे लागते. या खेळाच्या निर्मात्यांनी २०२३ मध्ये सुधारलेल्या किमान गरजांमध्येच ६ जीबी ग्राफिक्स मेमरी सांगितली आहे. ४ जीबीचे कार्ड तिथे पहिल्या पायरीवरच अडते आणि आय७ शेजारी बसून त्याला काहीही मदत करू शकत नाही.

माझा सल्ला असा की कोअर आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० यांपैकी एक प्रोसेसर घ्यावा आणि उरलेल्या पैशांत किमान ८ जीबीचे कार्ड बसवावे. दोन्ही प्रोसेसर सहा कोअर आणि बारा थ्रेडचे आहेत, म्हणजे प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामे हाताळतो. आय३-१२१००एफ आणखी स्वस्त आहे आणि व्हॅलोरंटसाठी तो पुरतोही, परंतु त्याच्या चार कोअरवर सायबरपंकमधील गर्दीच्या चौकात फ्रेम अचानक खाली येतात. सरासरी आकडा चांगला दिसत असतानाही खेळताना असे झटके जाणवतात, म्हणून तुमच्या यादीसाठी मी तो घेणार नाही. कार्डांमध्ये रेडिऑन आरएक्स ६६०० ही माझी खालची मर्यादा आहे. पैसे पुरले तर आरटीएक्स ४०६० घ्यावे, जे अवघ्या ११५ वॉटमध्ये बरेच जास्त काम करते. आरटीएक्स ३०५० कोणी सुचवले तर ते ८ जीबीचे आहे की ६ जीबीचे, हे आवर्जून विचारा, कारण नाव एकच असले तरी ६ जीबीच्या कार्डात कोअर कमी आहेत आणि मेमरीची वाटही १२८ ऐवजी ९६ बिटची आहे. तुमच्या कोटेशनमधला आय७ पुढे कधीही १२४००एफच्याच सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या जागेत) बसू शकतो, त्यामुळे आज त्याच्यावर पैसे अडकवण्याची गरज नाही.

प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामधल्या वाटेकडे बहुतेक कोटेशनांमध्ये दुर्लक्ष होते, आणि स्वस्त पीसीत नेमके तिथेच नुकसान होते. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ही कार्डे पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्डाला मदरबोर्डशी जोडणाऱ्या वाटेच्या, आठच लेन वापरतात, तर आरएक्स ६५०० एक्सटी केवळ चार. या वाटेच्या चौथ्या, म्हणजे तिसरीपेक्षा वेगवान, पिढीच्या स्लॉटमध्ये त्याने फारसे बिघडत नाही. परंतु रायझन ५ ५५०० हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचीच वाट देतो, आणि बी४५० किंवा ए५२० मदरबोर्डवर ५६०० बसवला तरी वाट तिसऱ्याच पिढीची राहते. कार्डाची मेमरी भरली की उरलेली चित्रे मुख्य रॅममधून याच वाटेने आणावी लागतात. म्हणून ५५०० आणि ४ जीबीचे ६५०० एक्सटी ही दिसायला स्वस्त जोडी मला सर्वांत वाईट वाटते, कारण तिथे मेमरीही अपुरी आणि वाटही अरुंद. रायझन घेतलात तर बी५५० बोर्ड घ्या. १२४००एफबरोबर साधा एच६१० बोर्डही कार्डाला चौथ्या पिढीची वाट देतो, आणि तुमच्या बजेटमध्ये मी याच कारणासाठी इंटेलकडे झुकतो.

दोन भागांची नावे टाकली की ‘बॉटलनेक’ची, म्हणजे कोणता भाग दुसऱ्याला किती अडवतो याची, टक्केवारी सांगणारी संकेतस्थळे आहेत, त्यांवर विसंबू नका. एकाच खेळात मोकळ्या माळावर कार्ड कमी पडते आणि बाजारपेठेत प्रोसेसर, तेव्हा एका आकड्यात ते मावत नाही. एखाद्या मित्राचा पीसी पाहता आला तर एमएसआय आफ्टरबर्नर (कार्ड व प्रोसेसरचा वापर दाखवणारा प्रोग्राम) लावून खेळून पाहा. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकत असेल तर कार्ड पूर्ण क्षमतेने चालले आहे. तो बराच खाली असेल आणि चित्राचा दर्जा उतरवूनही फ्रेम वाढत नसतील तर बहुधा प्रोसेसर अडवतो आहे, मग प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्केच का दिसेना. खेळाचा मुख्य भार एखाद्याच कोअरवर असू शकतो आणि तो कोअर भरला की बाकीचे मोकळे राहूनही उपयोग होत नाही.

रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्या, कारण एकाच पट्टीवर प्रोसेसरला माहिती निम्म्या वेगाने मिळते आणि तुम्ही भरलेल्या पैशांचे चीज होत नाही. एसएसडी अनिवार्य समजा. एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या भागावर) मात्र काटकसर करू नका, हे मी कळकळीने सांगतो. मी सुचवलेला प्रोसेसर, कार्ड आणि इतर भाग मिळून ३०० वॉटच्या आसपासच राहतात, तरीही ८० प्लस ब्राँझ दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा) ५५० वॉटचा, नावाजलेल्या कंपनीचाच घ्यावा; वळवाच्या वाऱ्यात आपल्याकडे वीज कशी येते-जाते हे तुम्ही जाणताच. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर साधारण ३६० वॉट एवढीच क्षमता लिहिलेली असते, म्हणून वीज गेल्यावर खेळ चालू न ठेवता पीसी बंद करा. कॅबिनेट पुढून जाळीचेच असू द्या. एप्रिल-मेच्या उकाड्यात बंद काचेमागे पंख्यांना आत ओढायला पुरेशी हवाच मिळत नाही.

पीसी घरी आल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डाला लावा, कारण नावात एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसते आणि पडदा काळाच राहील. त्यानंतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, चालू करा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ स्वतः निवडा. बरेचदा ते ६० वरच राहिलेले असते आणि तसे राहिले तर व्हॅलोरंटमध्ये जास्तीच्या फ्रेम तयार होऊनही पडद्यावर दिसणार नाहीत.