फॅलँक्स म्हणजे व्यूह की फळी?

प्रश्न असा आला आहे: ‘रोम: टोटल वॉर’ या संगणकावरच्या युद्धखेळातले डावपेच मराठीत समजावून सांगताना फॅलँक्सला, म्हणजे लांब भाले पुढे धरून दाट रांगांत उभ्या राहणाऱ्या पायदळाला, ‘व्यूह’ म्हटलं तर चालेल का?

मी ‘फळी’ म्हणेन. भाल्यांची फळी.

व्यूह म्हणजे अख्ख्या सैन्याची मांडणी. घोडदळ, तिरंदाज, राखीव तुकड्या सगळं त्यात येतं. फॅलँक्स हा त्यातला पायदळाचा एक भाग. मनुस्मृतीतला ‘दंडव्यूह’ जवळचा वाटेल, पण तिथे तो सैन्याने वाट चालताना धरायचा आहे.

फळी मात्र आपल्या तोंडात आहे. क्रिकेटची मधली फळी सगळ्यांना ठाऊक असते. गंमत म्हणजे ग्रीक ‘फॅलँक्स’चाही एक अर्थ लाकडाचा ओंडका. दोन्ही भाषांना माणसांची रांग सांगायला लाकूडच आठवलं! उच्चार जवळचे वाटले तरी नातं जोडू नका. फळी आली संस्कृत ‘फलक’वरून, आणि फलक म्हणजे ढालही.

या शब्दासोबत क्रियापदंही आयती मिळतात, आणि खेळ समजावताना तीच कामाची. फळी धरायची असते, पळवायची नसते. मॅसिडोनियन सारिसा हा भाला पाच-सहा मीटर लांब. पहिल्या पाच रांगांची टोकं पुढे आलेली असत. समोरून शिरणं जवळजवळ अशक्य. म्हणून शत्रू यायच्या आधीच तुकड्या कोपऱ्याला कोपरा लावून, त्याच्याकडे तोंड करून उभ्या करा. शेवटच्या क्षणी वळवायला गेलात की फळी फुटलीच. इ.स.पू. १६८मध्ये रोमनांविरुद्धच्या पिडनाच्या लढाईत मॅसिडोनियन फळीही अशीच फुटली: उंचसखल जमिनीवर तिला भेगा पडल्या, रोमन त्यांतून आत घुसले, आणि एवढ्या जवळ आलेल्या तलवारीपुढे लांब भाला निरुपयोगी ठरला.

बाजूंना ‘बगल’ म्हणा, ‘साइड’ नको. बगलेला घोडदळ ठेवा. शत्रू फळीशी अडकला की तेच वळसा घालून त्याच्या पाठीवर आणा. अलेक्झांडरची रीत साधारण अशीच होती.

तुकडीचं नाव खेळात जसं आहे तसंच, ‘फॅलँक्स पाइकमेन’, राहू द्या. बोलताना मात्र: ‘तू मधली फळी धर, मी बगलेवरून येतो.’