सत्त्याहत्तर मिनिटांचा प्रश्न

प्रश्न : मेटॅलिका हा माझ्या तरुणपणाचा बँड. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांचा बंगळुरूचा कार्यक्रम ऐकायला आम्ही चौघे मित्र पुण्याहून रात्रीच्या बसने गेलो होतो. एप्रिल २०२३ मध्ये त्यांचा ‘७२ सीझन्स’ हा अल्बम आला. तो मी मोठ्या उत्सुकतेने ऐकायला घेतला आणि आजवर चार वेळा ऐकला. परंतु प्रत्येक वेळी सातव्या-आठव्या गाण्याच्या सुमारास माझे लक्ष उडाले. एकही गाणे वाईट म्हणता येत नाही, तरी अल्बम संपल्यावर हाती काही लागत नाही. मित्र म्हणतात, वय झाले. ते बँडचे की माझे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड आणि ड्रमवादक लार्स उलरिख हे दोघेही १९६३ साली जन्मलेले, म्हणजे अल्बम आला तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते. परंतु त्यांच्या वादनात थकवा शोधायला गेले, तर फारसे हाती लागत नाही. ‘लक्स इटर्ना’ हे जेमतेम साडेतीन मिनिटांचे गाणे ऐकावे. हेटफिल्डचा उजवा हात आजही तारांवर नेमका पडतो. तेव्हा वयाला दोष देण्यापूर्वी घड्याळाकडे पाहावे, असे मी सुचवेन.

‘७२ सीझन्स’मध्ये बारा गाणी असून तो सुमारे सत्त्याहत्तर मिनिटे चालतो. त्याआधीचा २०१६ चा ‘हार्डवायर्ड... टू सेल्फ-डिस्ट्रक्ट’ दोन तबकड्यांवर आला, तोही तितकाच लांब होता. २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ आणि २००३ चा ‘सेंट अँगर’ पंचाहत्तरीच्या आसपास होते. याउलट आपण ज्याची पारायणे केली असणार, तो १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आठ गाण्यांत आणि पंचावन्न मिनिटांत आटोपतो. आमच्या वसतिगृहात एकाकडे त्याची मूळ कॅसेट होती आणि बाकीच्यांनी साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर तिची प्रत करून घेतली होती. चार गाणी पहिल्या बाजूस, चार दुसऱ्या बाजूस. ‘सॅनिटेरियम’ संपल्यावर फीत आणखी तीनेक मिनिटे मोकळी फिरत राही आणि मग खटका उडे. त्या खटक्यापाशी उठून कॅसेट उलटावी लागे, आणि तेवढ्यात कानाला विसावा मिळे. ‘७२ सीझन्स’ त्या कॅसेटवर मावला नसता.

ही केवळ आठवणींची हळहळ नव्हे. एलपीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक संगीत भरायचे, तर खाचा उथळ कराव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. त्यामुळे काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हा निर्णय टाळताच येत नसे. सीडी आल्यावर ती अट सुटली आणि मेटॅलिकाने मिळालेली सगळी जागा व्यापली. १९९६ च्या ‘लोड’ या अल्बमची लांबी ७८ मिनिटे ५९ सेकंद आहे. तबकडीवर त्याहून अधिक मावेना म्हणून ‘द आउटलॉ टॉर्न’ या शेवटच्या गाण्यातला सुमारे मिनिटभराचा भाग कापावा लागला, आणि ते अखंड गाणे पुढे एका सिंगलवर वेगळे काढण्यात आले. म्हणजे कात्री चालली ती कारखान्याच्या मर्यादेमुळे. आधीच्या तेरा गाण्यांपैकी एखादे गाळून त्याला जागा करून द्यावी, हे त्या वेळी कोणाला सुचले नाही, की सुचूनही कोणी बोलले नाही?

‘बोलणे’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. १९९१ चा काळ्या वेष्टनाचा अल्बम करताना बॉब रॉक हा निर्माता त्यांच्यासोबत होता. ‘एंटर सँडमन’चे पहिले शब्द पाळण्यातच दगावणाऱ्या तान्ह्या मुलांविषयी होते, ते रॉक आणि उलरिख या दोघांना पटले नाहीत आणि याहून चांगले लिहिता येईल, असे त्यांनी हेटफिल्डला तोंडावर सांगितले. हेटफिल्डला राग आला, पण त्याने शब्द बदलले आणि पुढे ते गाणे जगभर गेले. रॉकला जुन्या चाहत्यांनी वर्षानुवर्षे शिव्या घातल्या, त्यात मीही होतो. आता मात्र मला त्या माणसाची किंमत कळते. ‘हार्डवायर्ड’ आणि ‘७२ सीझन्स’ यांची निर्मिती हेटफिल्ड आणि उलरिख यांच्यासह ग्रेग फिडेलमनने केली आहे. तो ‘डेथ मॅग्नेटिक’पासून त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रणाचे काम करणारा, घरचाच म्हणावा असा माणूस. तो कसबी आहेच. परंतु चाळीस वर्षे आणि कोट्यवधी विक्री पाठीशी असलेल्या यजमानांना ‘हे गाणे नको’ असे घरच्या माणसाने सांगणे अवघड असते. हा माझा तर्क आहे; मात्र प्रत्येक रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, दोनदा पुरला असता तिथे चारदा येतो, हे कोणालाही मोजून पाहता येईल.

आपली निराशा मला रास्त वाटते, पण ती अल्बमच्या मांडणीविषयी असावी, गाण्यांविषयी नव्हे. शेवटचे ‘इनामोराटा’ अकरा मिनिटांहून मोठे, म्हणजे बँडचे आजवरचे सर्वांत लांब गाणे. आपण तिथे पोहोचता तेव्हा कान शिणलेले असतात. ते एकदा एकटेच ऐकावे. मध्यावर गिटारी थांबतात, रॉबर्ट त्रुहियोचा बास हलक्या झांजांवर एकटा चालत राहतो, आणि मग एकेक वाद्य परत येते. त्या जागेसाठी मी हा अल्बम जवळ ठेवला आहे.

प्रश्न : ‘सेंट अँगर’ आला तेव्हाही आम्ही असेच नाराज झालो होतो. तोही पुढे कधीतरी कळेल, असे तेव्हा सांगितले गेले. वीस वर्षे झाली. कधी कळणार?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : मला तरी कळलेला नाही. स्नेअर या ड्रमच्या खालच्या कातड्याला बारीक तारांची पट्टी चिकटलेली असते आणि तिच्यामुळे त्याचा नाद कोरडा, तुटक येतो. उलरिखने ती पट्टी सैल सोडली आणि पंचाहत्तर मिनिटे आपण रिकाम्या पिंपावर पडणारा दांडा ऐकला. त्यात गिटारचा एकही सोलो, म्हणजे एकट्या गिटारची तान, नाही. कर्क हॅमेटसारखा गिटारवादक जवळ असून त्याला गप्प बसवणे म्हणजे पंगतीला बसवून पान न वाढण्यासारखे होते. त्यामागची परिस्थिती मात्र खरी होती: २००१ च्या जानेवारीत बासवादक जेसन न्यूस्टेड सोडून गेला, त्याच वर्षी हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला, आणि परतल्यावर त्याला दुपारी बारा ते चार एवढेच काम करण्याची मुभा होती. बासही शेवटी बॉब रॉकनेच वाजवला. हे सारे २००४ च्या ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ या माहितीपटात दिसते, आणि तो पाहून अल्बम का झाला हे कळते. तो ऐकण्याजोगा मात्र होत नाही.

श्रोत्यांची तक्रार पुराव्यानिशी खरी ठरल्याचे उदाहरण हवे असेल, तर ‘डेथ मॅग्नेटिक’ घ्यावा. त्याचा आवाज इतका चढवला होता की ड्रमचे ठोके चिरडून कर्कश झाले. तीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ खेळासाठी न दाबता दिली गेली होती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली आणि चोरी पकडली. मास्टरिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणावर शेवटचा हात फिरवणाऱ्या टेड जेन्सननेही, सगळी वाद्ये एकत्र केलेले मिक्स आपल्याकडे आले तेव्हाच दाबलेले होते, असे एका चाहत्याला कळवले. ते दुखणे ध्वनिमुद्रणाचे होते, गाणी ठणठणीत होती. ‘सेंट अँगर’चे तसे नाही.

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलीने ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ पाहून ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ऐकायला सुरुवात केली आणि आता तिला ‘७२ सीझन्स’ही आवडतो. मी नावे ठेवली की ती रुसते. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या मालिकेमुळे २०२२ मध्ये, म्हणजे छत्तीस वर्षांनी, त्या अल्बमचे त्याच नावाचे गाणे पहिल्यांदाच अमेरिकेच्या ‘हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आले, तेव्हा आपली कन्या एकटी नाही. शिवाय ती अख्खा अल्बम एका बैठकीत ऐकत नसणार. तिला हवी ती गाणी ती हव्या त्या क्रमाने लावते, म्हणजे बँडने न केलेले काम तीच करते. नावे ठेवण्याऐवजी तिला बारांतली आठ निवडायला सांगावे आणि आपणही निवडावीत. माझी आठ बावन्न मिनिटांत बसली. त्यांत ‘इनामोराटा’ आहे आणि ‘लक्स इटर्ना’ही, ‘चेसिंग लाइट’वरून आमच्या घरी अजून वाद चालू आहे.