घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या उडीच्या स्पर्धेत उतरण्याआधी प्रकार ओळखा

प्रवेशअर्ज भरताना नुसती उंची पाहू नका, गुण कसे मोजणार ते आधी वाचा. नेहमीच्या पद्धतीत अडथळ्याची दांडी पडली की ४ दोष (दंडाचे गुण), घोडा अडथळ्यापुढे पहिल्यांदा अडला तरी ४. पहिल्या फेरीत निर्दोष राहिलेल्यांमध्ये मग जंप-ऑफ, म्हणजे निर्णायक फेरी, होते : अडथळे कमी, घड्याळ निर्णायक. इथे नवखे हमखास चुकतात, ते घोडा पळवतात. वेळ वाचते ती वळणात. उडी मारतानाच नजर पुढच्या अडथळ्यावर हवी, म्हणजे जमिनीवर उतरताच घोडा योग्य पायावर वळतो. लगाम ओढून वळवलात तर त्याची लय तुटते आणि मागचे पाय दांडीला लागतात.

'टेबल सी' ही गुणपद्धत निराळी. तिथे पडलेल्या दांडीचे सेकंद होऊन वेळेत मिळवले जातात, त्यामुळे थोडा धोका पत्करणं परवडतं.

ॲक्युम्युलेटरमध्ये अडथळे चढत्या अवघडपणाचे, गुण १, २, ३ असे वाढत जातात. शेवटी जोकर, म्हणजे शेवटच्या अडथळ्याऐवजी निवडता येणारा अधिक अवघड अडथळा, घेतलात तर दुप्पट मिळतात. पाडलात तर दुप्पट वजाही होतात! निम्म्या कोर्समध्येच घोडा दमलेला वाटला, तर जोकरचा मोह सोडा.

सिक्स-बारमध्ये सहा उभे अडथळे एका सरळ रेषेत, साधारण ११ मीटर अंतराने. पायी चालून ढांगा मोजा. प्युसाँस, म्हणजे उंचीचा कस पाहणाऱ्या स्पर्धेची उंच भिंत तूर्त प्रेक्षकांतूनच पाहा.

हंटर या प्रकारात मात्र वेग नव्हे, शैली तपासतात. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी.